कवच कशाचं होतं?

तीन हात नाका, नितीन, कॅडबरी. मुलुंडहून ठाण्यात शिरणाऱ्या बसचा कंडक्टर हे थांबे वर्षानुवर्षं याच चालीत पुकारतो. 2014 मध्ये कॅडबरी इंडियाचं नाव बदलून मोंडेलीझ इंडिया झालं. पण ‘मोंडेलीझला उतरायचंय का?’ असं विचारणारा मला अजून भेटायचाय. पोखरण रोडवरच्या कारखान्यामुळे चौकाला चिकटलेलं नाव मालकापेक्षा चिवट निघालं.

मालक बदलला 2010 मध्ये. क्राफ्ट या अमेरिकन कंपनीने बर्मिंगहॅमची कॅडबरी साधारण साडेअकरा अब्ज पौंडांना घेतली. 2012 मध्ये क्राफ्टच्याच घरात वाटण्या झाल्या आणि कॅडबरी मोंडेलीझच्या वाट्याला आली. तेव्हापासून आमच्याकडे दर दिवाळीला एक ठरलेला वाद होतो. लंडनची वहिनी बॅगेतून डेअरी मिल्क काढते, तुकडे ताटलीत मांडते आणि काका पहिला तुकडा तोंडात टाकून म्हणतात, ‘‘परक्याच्या हाती गेलं की चव गेलीच.’’

मला हे पटत नाही. 2003 च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या, तेव्हा मालक अस्सल ब्रिटिशच होते. कंपनीने दुकानातल्या साठवणुकीकडे बोट दाखवलं, प्रशासनाने वेष्टनाकडे. सणासुदीच्या दिवसांत खप कोसळला आणि पुढच्या वर्षी वेष्टन जाड, घट्ट झालं, जाहिरातीत अमिताभ आले. सुधारणा झाली ती कोणीतरी पाहत होतं म्हणून.

पण काका अगदीच चूक आहेत असंही नाही. ब्रिस्टॉलजवळचा सॉमरडेलचा कारखाना बंद करायचं जुन्या कॅडबरीनेच 2007 मध्ये ठरवलं होतं. खरेदीची बोलणी चालू असताना क्राफ्टने तो चालू ठेवू असं म्हटलं आणि ताबा मिळाल्यावर काही दिवसांतच शब्द फिरवला. काम पोलंडला गेलं. ब्रिटनच्या टेकओव्हर पॅनलने त्याबद्दल क्राफ्टला जाहीर ताशेरे सुनावले, नंतर नियमही कडक केले. कामगारांना त्याचा उपयोग शून्य.

आणि 2015 चं क्रीम एग. ईस्टरला खपणाऱ्या या चॉकलेटच्या अंड्याचं कवच डेअरी मिल्कचं असायचं, ते साध्या चॉकलेटचं झालं. सहाच्या खोक्यात पाच अंडी आली. ग्राहक भडकले, तर कंपनीचं उत्तर असं की कवच डेअरी मिल्कचं असल्याचा गाजावाजा आम्ही कधी केलाच नव्हता. वकिली उत्तर, पण खोटं नव्हे. मला वाटतं, खरी मेख इथे आहे. नवा मालक नाव, जांभळा रंग, जाहिरात यांना धक्का लावत नाही, कारण पैसे त्यांचेच मोजलेले असतात. जे कुठे लिहिलेलं नव्हतं, नुसतं पाळलं जात होतं, त्यालाच आधी कात्री लागते.

लिहिलेलं तरी आपण कुठे वाचतो म्हणा! पार्ले-जी कोणा परक्याने घेतलेला नाही. त्याच्या पाच रुपयांच्या पुड्यातले ग्रॅम उतरत गेले ते वेष्टनावर छापूनच, आणि आपण चहात बुडवत राहिलो.

यंदा मी वहिनीने आणलेलं वेष्टन काकांपुढे सरकवलं. त्यांनी चष्मा चढवला, बारीक अक्षरांवर बोट फिरवत गेले आणि थांबले.

‘‘पाम तेल? शिया? हे चॉकलेटात?’’

‘‘यावरूनच युरोपातले काही देश ब्रिटिश चॉकलेटला चॉकलेट म्हणायला तयार नव्हते, काका.’’

‘‘म्हणजे अमेरिकन यायच्या आधीपासून?’’

‘‘खूप आधीपासून.’’

काका वेष्टनाकडे पाहत राहिले. मग ताटलीतला आणखी एक तुकडा उचलून म्हणाले, ‘‘तरी तेव्हा चव वेगळी होती.’’