एकसंध पट्ट्याची बाजू

तांत्रिक स्कूबा डायव्हिंगमध्ये पाणबुड्याच्या अंगाला सिलिंडर, हवेची पिशवी, दिवे आणि जादा वायूच्या टाक्या बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या रचनेला हार्नेस म्हणतात. तारकर्ली-मालवणला किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर हौसेने पाण्याखाली जाणाऱ्याच्या अंगावर जॅकेट असते. त्यात पट्टे, खिसे आणि हवेची पिशवी एकत्र शिवलेली असतात, आणि एका टाकीनिशी उथळ पाण्यात केलेल्या फेरीला ते पुरते. तांत्रिक डायव्हिंगमध्ये पाठीवर दोन जोडटाक्या असतात आणि वर सरळ निघून येण्याची वाट बंद असते. गुहेत डोक्यावर खडक असतो. खोल समुद्रात शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे लागते. अशा ठिकाणी हार्नेस कोणता घ्यावा आणि त्यात काय बदलावे, याबद्दल दोन मते आहेत.

एक मत उत्तर फ्लॉरिडाच्या पाण्याखालील गुहांमध्ये घडले. तेथील गुहा-पाणबुडे विल्यम होगार्थ मेन यांच्या नावावरून या रचनेला होगार्थियन हार्नेस म्हणतात. यात पाठीवर पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा, म्हणजे बॅकप्लेट, असते. तिच्या खाचांतून निवारीसारखी घट्ट विणलेली, 50 मिलीमीटर रुंदीची नायलॉनची एकच सलग पट्टी ओवलेली असते. पट्टीचा मध्य मानेखालच्या खाचांत बसतो. तिच्या दोन्ही बाजू खांद्यांवरून छातीवर येतात, काखेखालून प्लेटच्या खालच्या खाचांत शिरतात आणि कमरेशी येऊन एका धातूच्या बकलात मिळतात. जांघेतून जाणारा दुसरा पट्टा प्लेट डोक्याकडे सरकू देत नाही. धातूच्या पाच डी-रिंगा असतात: छातीवर दोन, डाव्या कमरेवर एक, जांघेतल्या पट्ट्यावर पुढे एक व मागे एक.

दुसऱ्या मताचे पुरस्कर्ते आरामदायी हार्नेस सुचवतात. त्याच्या खांद्यांवर गादी असते, दोन्ही खांद्यांत झटकन सुटणारी बकले असतात, छातीवर आडवा पट्टा असतो आणि डी-रिंगाही जास्त असतात. त्यांचे म्हणणे असे की, सलग पट्टी खांद्यांना काचते, ती चढवताना-उतरवताना हात अडकतो, संकटात ती लवकर सुटत नाही, आणि सूट बदलला की मापही बदलावे लागते. हे आक्षेप पोकळ नाहीत, म्हणून प्रत्येकाचा विचार स्वतंत्रपणे करणे योग्य.

पहिला आक्षेप काचण्याचा. पोलादी जोडटाक्या, त्यांना जोडणारी नळी, प्लेट आणि रेग्युलेटर मिळून जमिनीवर सुमारे 40 किलो भरतात. हे ओझे बोटीच्या फळीपासून पाण्यापर्यंत, म्हणजे काही मिनिटे, खांद्यांवर असते. पाण्यात शिरताच बहुतेक भार पाणी आणि विंग, म्हणजे हवेची पिशवी, मिळून पेलतात आणि पट्ट्यांचे काम वजन उचलण्याऐवजी सामान जागच्या जागी धरून ठेवणे एवढेच उरते. गादी या काही मिनिटांसाठी असते, पण पुढचे दोन-तीन तास ती पाण्यात बरोबर राहते. बंद छिद्रांच्या फोमची गादी तरंगते. 30 मीटरवर दाब भूपृष्ठाच्या चौपट होतो, तेव्हा ती दबते. परतताना 6 मीटरच्या थांब्यावर ती पुन्हा फुगते, आणि नेमक्या त्याच वेळी टाक्यांतला वायू संपत आल्याने पाणबुडा हलका झालेला असतो. थांब्याची खोली सांभाळण्यासाठी मग शिसे वाढवावे लागते. शिवाय बहुतेक वेळा काचण्याचे कारण पट्टीत नसून मापात असते. खांद्यांवर घट्ट आणि कमरेशी सैल बांधलेला हार्नेस कोणत्याही गादीने सुखाचा होत नाही.

दुसरा आक्षेप लवकर सुटण्याचा, आणि तोच सर्वांत प्रभावी वाटतो. उथळ समुद्रात पृष्ठभागावर दमलेल्याला सामान टाकून देता येणे हिताचे आहे, यात शंका नाही. परंतु गुहेत किंवा डीकॉम्प्रेशनचे थांबे बाकी असताना पाणबुड्याचा श्वास त्याच्या पाठीवरच असतो. सामान अंगावेगळे करणे हा तेथे सुटकेचा मार्ग होऊ शकत नाही. तेथे भीती आहे ती सामान नको तेव्हा सुटण्याची. खांद्यावरच्या प्लॅस्टिकच्या बकलाची एक जीभ मोडली तर प्लेट एका बाजूला कलते, टाक्या पाठीवरून सरकतात, मानेमागचे व्हॉल्व्ह हाताच्या टप्प्याबाहेर जातात आणि त्या बाजूच्या डी-रिंगला टांगलेली जादा टाकीही लोंबू लागते. एका तुकड्यातून चार अडचणी उभ्या राहतात. सलग पट्टीत हा तुकडाच नसतो. जखमी पाणबुड्याला बोटीवर सोडवायचे झाल्यास कपडे कापण्याच्या मजबूत कात्रीने दोन्ही खांद्यांवरची पट्टी काही क्षणांत कापता येते. पट्टी स्वस्त असते, दुसरी ओवता येते.

तिसरा आक्षेप मापाचा. पातळ वेटसूट आणि आत उबदार कपडे घातलेला ड्रायसूट यांत फरक पडतो, हे खरे. पण हा फरक सरकपट्टीतून, म्हणजे पट्टी अडवून धरणाऱ्या खाचांच्या कडीतून, पट्टी थोडी ओढून किंवा सोडून भरून निघतो. दोन्ही मापांच्या जागी सुईदोऱ्याने खूण घातली की दर वेळी नव्याने अंदाज घ्यावा लागत नाही. ज्याला दोन्ही सूट सतत लागतात त्याने दोन हार्नेस ठेवावेत. पाण्यात उतरल्यावर ओढून जुळवण्याची सोय मात्र दुधारी ठरते: जे ओढून जुळते ते ओढले जाऊन बिघडतेही.

चौथा मुद्दा जास्त डी-रिंगांचा. रिंग दिसली की तिला काहीतरी टांगले जाते. टांगलेली वस्तू पाण्याचा विरोध वाढवते, तळाचा गाळ उडवते आणि गुहेतली मार्गदर्शक दोरी पकडते. पाच रिंगांपैकी प्रत्येकीला ठरलेले काम आहे. छातीवर जादा टाकीचे वरचे टोक आणि राखीव दिवे, डाव्या कमरेवर टाकीचे खालचे टोक आणि दाबमापक, जांघेतल्या पुढच्या रिंगला पाण्याखालच्या स्कूटरची ओढदोरी. स्कूटरचा ताण हातांवर न येता कमरेखालून साऱ्या शरीरावर पडतो, म्हणूनच ती रिंग तेथे आहे. फ्लॉरिडातील गुहांचा शोध घेणाऱ्या वूडव्हिल कार्स्ट प्लेन प्रोजेक्टच्या पाणबुड्यांनी डिसेंबर 2007 मध्ये टर्नर सिंकपासून वकुला स्प्रिंग्जपर्यंत सुमारे 11 किलोमीटरचा पाण्याखालचा मार्ग 90 मीटरच्या आसपासच्या खोलीवर पार केला. हार्नेसची ही साधी मांडणी अशाच कामातून कसाला लागली आहे.

इथपर्यंतचे खंडन आरामदायी हार्नेसचे. सलग पट्टीचे काही पुरस्कर्ते मात्र तिला व्रत मानतात आणि तीत तिळमात्र बदल खपवून घेत नाहीत. हे मतही टिकत नाही. गुहा-पाणबुडे शेक एक्सली यांनी 1970 च्या दशकात गुहा-डायव्हिंगमधील मृत्यूंची कारणे तपासली. त्यांत ठळक निघालेली कारणे तीन: बाहेरपर्यंत सलग दोरी न टाकणे, परतीसाठी दोन-तृतीयांश वायू न राखणे आणि झेपेल त्याहून खोल जाणे. तेथे हार्नेसचे नाव नाही. चांगली पट्टी या तिन्ही चुकांपासून वाचवत नाही. ती फक्त अडचणींची संख्या कमी ठेवते, आणि तिची किंमत तेवढ्यासाठीच आहे. खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्या, हात मागे नेता न येणाऱ्या पाणबुड्याने एका खांद्यावर धातूचे सुटणारे बकल बसवले तर त्याने नियम मोडला असे म्हणू नये. त्याने एक जोखीम जाणून घेतली आणि दुसरी टाळली.

मंडनाचा गाभा हाच: सलग पट्टी पायाभूत धरावी, आणि बदल करायचाच तर त्याने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. हा भाग मोडला तर काय होईल? तो अडकला तर चाकूने कापता येईल का? तो न बघता, हातमोज्यासह, एका हाताने चालवता येईल का?

या कसोटीवर निवड सोपी होते. पोलादी प्लेट अडीच-तीन किलोची असते, ॲल्युमिनियमची एक किलोहून हलकी. ड्रायसूट आणि ॲल्युमिनियमच्या टाक्या असतील तर पोलादी प्लेट शिशाचे काम करते. पातळ वेटसूट आणि पोलादी टाक्या असतील तर हलकीच घ्यावी, कारण हवेची पिशवी फुटल्यास पोहून वर येण्याइतके हलके राहणे आवश्यक आहे. खाचांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या असाव्यात. धारदार कड पट्टी आतून कातरते.

माप ज्या सुटात उतरायचे तोच घालून घ्यावे. खांद्याखाली उघडा पंजा सहज सरकावा आणि दोन्ही हात मानेमागच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचावेत. कमरेचा पट्टा घट्ट असावा. कमरेचे बकल मध्यापासून थोडे उजवीकडे ठेवावे, म्हणजे जांघेतल्या पट्ट्याच्या ओढीने ते उघडत नाही. उजव्या कमरेवर दिव्याची बॅटरी, डाव्या बाजूला चाकू. छातीच्या रिंगा इतक्या उंचीवर असाव्यात की विरुद्ध हात ताण न देता तेथे जाईल.

मान्य करण्याजोगे बदल थोडे आहेत. सरकपट्ट्या दातेरी घ्याव्यात, म्हणजे रिंगा घसरत नाहीत. जाड हातमोजे वापरणाऱ्याने छातीवर वाकवलेल्या डी-रिंगा बसवाव्यात. राखीव दिवे अंगालगत राहावेत म्हणून सायकलच्या ट्यूबमधून कापलेल्या रबरी कड्या पट्टीवर चढवाव्यात. याउलट भार पेलणाऱ्या पट्टीला भोके पाडू नयेत. धातू थेट धातूला अडकवू नये. बोल्ट स्नॅप, म्हणजे सामान रिंगला अडकवण्याचा खटक्याचा आकडा, दोरीने बांधावा, म्हणजे अडकल्यास कापता येतो. दाबताच आत उघडणारे कॅराबिनरसारखे आकडे वापरू नयेत. दोरी त्यांच्यात आपोआप शिरते आणि बाहेर निघत नाही.

जादा पट्टी घाईने कापू नये. काही डाइव्ह झाल्यावर माप स्थिर होते. मग बकलापुढे वीतभर शेपूट राखून पट्टी तिरकी कापावी आणि टोक ज्योतीने वितळवून बंद करावे, म्हणजे धागे सुटत नाहीत. खाचांजवळच्या घड्या दर मोसमात तपासाव्यात. ऊन, मीठ आणि घर्षण यांनी पट्टी तेथेच झिजते. झिजलेली पट्टी दुरुस्त न करता बदलावी. आणि प्रत्येक बदलानंतर, तो कितीही लहान असो, आधी उथळ पाण्यात व्हॉल्व्ह बंद-सुरू करण्याचा, जादा टाकी काढण्या-लावण्याचा आणि हार्नेस उतरवून पुन्हा चढवण्याचा सराव करावा. तो सराव अडखळला तर बदल मागे घ्यावा.