सहीआधी यकृताचीही चौकशी करा

शस्त्रक्रिया ठरली की आपल्या घरांत काळजी असते ती हृदयाची. ईसीजी निघतो, रक्तदाब आणि साखर पाहिली जाते, 'फिटनेस' मिळाला की सारे निर्धास्त होतात. यकृताची आठवण क्वचितच कोणाला होते. हा अवयव सोशिक. बराच बिघडला तरी वर्षानुवर्षे तक्रार करीत नाही.

परंतु शस्त्रक्रियेचा भार त्याच्यावर मोठा पडतो. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतात तयार होतात, भुलीच्या कित्येक औषधांचा निचरा तेच करते आणि भुलीखाली त्याचा रक्तपुरवठा घटतो. निरोगी यकृत हे सोसते. सिऱ्होसिसने निबर झालेले यकृत कोलमडू शकते. मग रक्त थांबत नाही, जंतुसंसर्ग होतो, पोटात पाणी साठते, रुग्णाला ग्लानी येते.

हा धोका आधी मोजता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. चाइल्ड आणि टर्कॉट यांनी १९६४ साली मांडलेल्या पद्धतीत लंडनच्या प्यू आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली सुधारणा केली. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातले पाणी आणि मेंदूवरील परिणाम या पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण द्यायचे. बेरीज ५-६ आली तर 'ए' गट, ७ ते ९ 'बी', १० ते १५ 'सी'. अमेरिकेतील १९८४ आणि १९९७ च्या दोन पाहण्यांत सिऱ्होसिसच्या रुग्णांपैकी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर 'ए' गटात शंभरात सुमारे १०, 'बी' मध्ये ३० आणि 'सी' मध्ये ७५ हून अधिक दगावले होते. पुढे उपचार सुधारले, आकडे उतरले. पण यकृत जितके खराब तितका धोका मोठा, हे सूत्र कायम आहे. आणि केवळ एसजीपीटी ठीक आहे म्हणून खुशाल राहू नये. सिऱ्होसिसमध्ये ते पुष्कळदा जवळपास ठीकच असते.

माझे म्हणणे असे की, हा गट संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी नातेवाइकांना साध्या मराठीत सांगितलाच पाहिजे. 'थोडी रिस्क आहे' एवढ्याने भागत नाही. नातेवाईक घाबरतील म्हणून आकडा लपवणे ही दया नव्हे. गट म्हणजे काही फाशीची शिक्षाही नाही. बेंबीच्या हर्नियाचेच पाहा. दारू सोडून, पोटातले पाणी आटोक्यात आणून, सवडीने केलेली शस्त्रक्रिया वेगळी आणि आतडे अडकल्यावर मध्यरात्री धावपळीत केलेली वेगळी. मधल्या काही आठवड्यांत कित्येकदा गटही सुधारतो.

मात्र सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारू नये. भूलतज्ज्ञ विचारतात, "दारू घेता का?" आणि खाटेभोवती उभे असलेले घर एका सुरात सांगते, "छे, कधीतरी." चारचौघांतली अब्रू राखण्यासाठी बोललेले हे खोटे जिवावर बेतू शकते. पूर्वीची कावीळ, हेपॅटायटिस बी किंवा सी, चालू असलेली जडीबुटीची औषधे, हे सारे न विचारता सांगावे.

आणि आपणही तीन प्रश्न विचारावेत. यकृताचा गट कोणता? शस्त्रक्रिया थोडी थांबू शकेल का? तिच्याशिवाय दुसरा मार्ग आहे का? उत्तरे मिळाल्यावर केलेली सही खरी संमती ठरेल.