शब्दावरील आघात

आपल्या मुलांकडून इंग्रजी शब्दांचें स्पेलिंग घोकून घेण्यांत येतें, अर्थही पाठ करून घेण्यांत येतो; परंतु शब्दाच्या कोणत्या अक्षरावर जोर द्यावयाचा हें बहुधा कोणी सांगत नाहीं. (अक्षर म्हणजे येथें एका स्वरासह उच्चारला जाणारा शब्दखंड.) वस्तुतः त्या भाषेंत अर्थ पुष्कळदां या जोरावरच अवलंबून असतो. पहिल्या अक्षरावर आघात देऊन ‘रेकॉर्ड’ म्हटलें तर ती ‘नोंद’. स्पेलिंग तेंच ठेवून आघात दुसऱ्यावर नेला, कीं ‘रिकॉर्ड’, म्हणजे नोंदून ठेवणें, हें क्रियापद होतें. ‘इन्व्हॅलिड’ या शब्दांत आघात ‘इन्’वर असल्यास अर्थ रुग्णाईत मनुष्य, ‘व्हॅ’वर असल्यास रद्दबातल. ‘इंग्लिश टीचर’ या शब्दांची मौज तर याहून मोठी. पहिल्या शब्दावर जोर दिल्यास इंग्रजी शिकविणारा; दुसऱ्यावर दिल्यास जातीचा इंग्रज असलेला शिक्षक, मग तो गणित कां शिकवीत असेना! दोन अक्षरांच्या अशा जोड्यांत नामाचा आघात पहिल्यावर व क्रियापदाचा दुसऱ्यावर, असा सामान्य कल आहे. पण ‘रिपोर्ट’ व ‘आन्सर’ यांसारखे शब्द त्यास जुमानीत नाहींत.

हें आपणांस चमत्कारिक वाटतें, याचें कारण मराठीचा स्वभाव. आघात फिरविल्यानें आपल्या शब्दाचा अर्थ पालटत नाहीं. जेथें इंग्रज केवळ आवाज चढवून ‘मी, दुसरा कोणी नव्हे’ असें सुचवितो, तेथें आपण ‘मीच’ म्हणून एक ‘च’ जोडतों. आपलीं अक्षरें बहुतेक सारख्या वजनानें चालतात. तीच चाल इंग्रजींत नेली म्हणजे ऐकणारा बुचकळ्यांत पडतो. अर्थात् परकीयासही आपल्याकडे ठेंच लागतेच. ‘जग’ म्हणजे दुनिया, आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहिण्यांत दोन्ही एक, पण ‘ज’चा उच्चार निराळा, हें त्यास लिपी सांगत नाहीं.

बीड जिल्ह्यांतील जुन्या पिढीची अडचण तर तिहेरी होती. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. घरीं मराठी, कचेरींत उर्दू, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणही उर्दूंतून. इंग्रजी आली ती मुख्यतः छापील पानावरून, डोळ्यांच्या वाटेनें. कानांच्या वाटेनें येण्यास तिला संधि थोडी. २००० सालापासून महाराष्ट्रांत ती पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाते. परंतु गुरुजींनींही ती डोळ्यांनींच शिकलेली असेल, तर मुलाच्या कानांस काय मिळणार? मग अंबाजोगाईचा किंवा गेवराईचा हुशार मुलगा पुण्यास मुलाखतीस जातो, शुद्ध वाक्यें बोलतो, तरी समोरचा पुन्हा पुन्हा ‘काय म्हणालांत?’ असें विचारतो. आणि आपण मंदबुद्धि आहों, असा ग्रह करून घेऊन तो परततो. हा ग्रह साफ खोटा आहे, व तो दूर करणें घरच्यांच्या हातांत आहे.

कारण स्वराचें महत्त्व आपल्या घरांना नवें नाहीं. परळीस वैजनाथासमोर रुद्र म्हटला जातो. तो ज्या तैत्तिरीय संहितेंत आहे, तिच्या पोथींत अक्षराखालची आडवी रेघ अनुदात्त दाखविते व माथ्यावरची उभी रेघ स्वरित. त्याच संहितेंत त्वष्ट्याची कथा आहे. इंद्रानें पुत्र मारला म्हणून त्यानें सूड घेण्याकरितां अग्नींत सोम ओतला व ‘इंद्रशत्रु’ वाढो, असें म्हटलें. अंत्य अक्षर उदात्त असतें तर अर्थ झाला असता ‘इंद्रास मारणारा’; उच्चारलें गेलें आद्य अक्षर उदात्त, आणि अर्थ झाला ‘इंद्र ज्यास मारील तो’. वृत्र जन्मला, पण मरण्यासाठींच. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच हा दाखला घेतला आहे. वैदिक स्वर आवाजाच्या उंचीचा व इंग्रजी आघात मुख्यतः जोराचा, हा भेद खरा; तथापि सामासिक शब्दाचा अर्थ उच्चारानें फिरतो, ही गोष्ट दोहोंकडे एकच.

तेव्हां उपाय सोपा आहे. चांगल्या इंग्रजी कोशांत आघाताच्या अक्षरापूर्वीं वरच्या बाजूस एक बारीक उभी खूण असते. ती मुलांस दाखवावी. नवा शब्द मोबाइलवर ऐकवावा, आघाताच्या अक्षरावर टाळी वाजवून म्हणवून घ्यावा, आणि अर्थाबरोबरच ती खूणही वहींत लिहवावी. लंडनची ढब आणण्याची मुळींच गरज नाहीं. आघात जागच्या जागीं पडला म्हणजे पुरे. वडील माणसांनीं चुकलेल्या उच्चारास हसूं मात्र नये. हसण्यानें तोंड बंद होतें, सुधारत नाहीं.

आणखी एक. वेदांचे स्वर आपल्याकडे फार थोड्या कानांपर्यंत पोहोंचूं दिले गेले. घरांतील स्त्रियांसही तो पाठ मिळाला नाहीं. इंग्रजीच्या बाबतींत तरी ही कृपणता नको. संध्याकाळीं मुलगा शब्द म्हणावयास बसेल तेव्हां त्याची बहीण, नवी सून आणि धुणेंभांडें करावयास येणाऱ्या बाईचें मूल, यांसही शेजारीं बसवावें.