एकादशीचा फराळ आणि चिंतेचा डबा

आषाढी एकादशी आली की घरोघरी दोन गोष्टींची सिद्धता होते : नामस्मरणाची आणि फराळाची. पहिलीस फारसा वेळ लागत नाही. दुसरीसाठी मात्र आदल्या रात्रीपासून साबूदाणा भिजत पडतो, दाण्यांचे कूट होते, रताळी उकडतात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही परक्यांनी केलेली नाही.

आमच्या पुणतांब्यात गोदातीरी योगिराज चांगदेवांची समाधी आहे. ते १४०० वर्षे जगले अशी भाविकांची श्रद्धा. वर्षाला २४ एकादश्या धरल्या तरी त्यांच्या वाट्याला ३३,६०० आल्या. अधिक मासातल्या निराळ्या. एवढ्या एकादश्यांत त्यांना साबूदाण्याची खिचडी एकदाही मिळाली नाही! ज्या कंदाचा साबूदाणा होतो तो कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातील. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती गलबतांतून इकडे आली. कीर्तनात हे सांगितले की श्रोते मनमुराद हसतात आणि खिचडीच्या ओढीने लगबगीने घरी जातात.

हल्ली घरांत आणखी एक व्रत शिरले आहे. तरुण मंडळी त्यास ‘डाएट’ म्हणतात. तेथे देव्हाऱ्याच्या जागी वजनकाटा असतो. दिवसभर काकडी आणि ताक; रात्री अकरा वाजता फरसाणाचा डबा. आजोबा नातवाला हसतात, नातू आजोबांना. डबा दोघांचा एकच.

तो डबा भुकेने क्वचितच उघडतो. पाऊस लांबला, कांद्याचा भाव पडला, मुलाचा निकाल यायचा आहे, की हात आपोआप फडताळाकडे जातो. आमच्या गावास चिंता नवी नाही. येथूनच उठलेल्या हाकेने १ जून २०१७ पासून शेतकरी संपावर गेले होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात म्हटले आहे की पथ्याचे अन्न मापात घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळे ते पचत नाही. आजचे वैद्यकही सांगते की ताण लांबला म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल वाढते आणि गोड-तेलकटाची वासना बळावते. चिंता एकादशी पाळत नाही, वाचकहो!

घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांना दिवसभर उपाशी ठेवून सायंकाळी ताटभर साबूदाणा वाढणे तर धोक्याचेच. तो बहुतेक सारा पिष्टच. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अती खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योगाचे दार बंद केले आहे. तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून आजींनी वेळेवर अर्धी भाकरी खाल्ली, तर विठोबा रुसेल असे आम्हांस वाटत नाही. सुनेने त्यावरून नाक मुरडू नये, आणि आजींनीही डोळ्यांत पाणी आणू नये.

आणि डबा उघडण्यापूर्वी मनातले एकदा घरात बोलून टाकावे. चांगदेवांनी कोरे पत्र धाडले, त्यावर ६५ ओव्यांचे उत्तर आले खरे. पण ते ज्ञानदेवांकडून. आपल्या घरच्या माणसांस कोरा कागद कसा वाचता यावा? साबूदाणा भिजत घातलाच असेल तर तो वाया दवडू नका. माणशी एक वाटी पुरे, आणि वर दही असल्यास उत्तम.