निगा म्हणजे पाणी नव्हे

रोपवाटिकांतून हल्ली एक वाक्य सर्रास ऐकू येते : 'याला निगा लागत नाही.' पेपेरोमियाविषयी तर ते हमखास म्हटले जाते. वीतभर उंचीचे, जाड, तुकतुकीत, गोलसर पानांचे हे झाड घरात ठेवण्यासाठी लोक हौसेने नेतात. या वाक्याशी माझे भांडण आहे, आणि ते केवळ शब्दापुरते नाही.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने निरोप घेताना मला असे एक रोप दिले. मी त्याला रोज सकाळी नेमाने पाणी घालत असे. दोन महिन्यांत पाने मलूल झाली. तहान लागली असावी असे समजून मी पाणी वाढवले. आठवडाभरात खोड बुंध्याशी मऊ पडले आणि झाड कलंडले. कुंडी उपसली तेव्हा मुळे काळी पडून कुजलेली होती.

चूक वाचनाची होती. पेपेरोमियाची ही जात मूळची मेक्सिको, फ्लॉरिडा, कॅरिबियन बेटे या भागांतली. तिथल्या रानांत ती मोठ्या वृक्षांच्या सावलीत, पालापाचोळ्यात किंवा थेट फांद्यांवर वाढते. तिची मुळे थोडी आणि उथळ. पाण्याचा साठा असतो तो पानांत. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. भरल्या कुंडीत झाड तहानेने मरते. अतिरेक आणि अभाव यांचे लक्षण वरवर एकच दिसते. खरा फरक कळतो तो मातीत बोट घातल्यावर.

आपले हात तुळशीने घडवलेले आहेत. अंगणातल्या उन्हात रोजचा तांब्याभर पाण्याचा नेम तिला मानवतो. घरातल्या मंद उजेडात तोच नेम पेपेरोमियाच्या जिवावर उठतो.

वास्तविक हे झाड आपल्याला अगदीच परके नाही. मिरी आणि नागवेल यांच्याच कुळातले ते. त्याच्या नावातला ग्रीक 'पेपेरी' संस्कृत 'पिप्पली'वरून गेलेला. 'निगा' हा शब्द मात्र फारसीतून आपल्याकडे आला. तिथे 'निगाह' म्हणजे नजर. हा मूळ अर्थ ध्यानात घेतला की रोपवाटिकेतले ते वाक्य नेमके उलटे ठरते. या झाडाला पाणी कमी लागते. नजर मात्र अधिक लागते.

ती नजर कशी असावी? कुंडीला तळाशी भोक हवे आणि ती फार मोठी नसावी. मातीत नारळाचा भुसा व जाड वाळू मिसळून ती भुसभुशीत ठेवावी. उजेड भरपूर हवा, दुपारचे ऊन नको. निम्मी कुंडी कोरडी झाली की पुरेसे पाणी द्यावे. बशीत साचलेले ओतून टाकावे. पावसाळ्यात माती उशिरा वाळते, तेव्हा आणखी थांबावे. कुंडी उचलून पाहिली तरी वजनावरून अंदाज येतो. ठरलेला वार नाही, ठरलेले माप नाही.

नेम पाळणे सोपे असते, कारण त्यात समोरच्याकडे पाहावे लागत नाही. मी रोज पाणी घालत होतो ते झाडासाठी की स्वतःच्या समाधानासाठी, हा प्रश्न त्या रिकाम्या कुंडीने मला विचारला. वर्गात शिकवतानाही तो अधूनमधून आठवतो.

सध्या खिडकीशी दुसरे रोप आहे. त्याला आज पाणी घातलेले नाही. पण सकाळी पाहिले आहे.