टिनाखाली शिरण्याआधी एकदा वर पाहा

अमरावती-अकोल्याच्या सर्व लोकांना कळकळीची विनंती.

चैत्र-वैशाखाचे दिवस आठवा. दिवसभर ऊन भाजून काढते आणि सायंकाळी आभाळ काळे होऊन वावधन सुटते. नेमके याच दिवसांत लग्ने, भंडारे, सप्ताह. टपोरे थेंब पडू लागले की मांडवातली माणसे एकाच दिशेने पळतात, जवळच्या टिनाच्या शेडखाली.

९ एप्रिल २०२३ च्या रविवारी सायंकाळी बाळापूर तालुक्यातल्या पारसला हेच झाले. बाबूजी महाराज संस्थानात आरतीसाठी भाविक जमले होते. वादळ-पाऊस आला तसे लोक शेडमध्ये दाटीने उभे राहिले. शेजारचा जुना, मोठा कडुनिंब त्या शेडवर कोसळला. सात जण गेले, कितीतरी जखमी झाले. त्यांचे काय चुकले? काहीच नाही. तुम्ही-आम्ही तिथे असतो तर तिथेच शिरलो असतो. म्हणून तर हे सांगणे आहे. टिनामुळे पाऊस अडतो, झाड अडत नाही.

जुने झाड पडण्याआधी पुष्कळदा खुणा दाखवते, पण पाहायला कोणी थांबत नाही. बुंध्यापर्यंत सिमेंटची फरशी घातलेली असते. नाली खोदताना एका बाजूची मुळे तोडलेली असतात. बुंध्यात ढोली, शेंड्याला वाळलेली फांदी. खोड एकीकडे कललेले आणि उलट बाजूची माती फुगून तिला भेगा गेलेल्या दिसल्या, तर त्या झाडाजवळ क्षणभरही थांबू नका. आभाळ भरून येताच, वारा सुटायच्या आत, स्लॅबच्या पक्क्या इमारतीत जा. गाडीसुद्धा झाडाखाली लावू नका. वीज चमकल्यावर गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला, तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. मग वावरात किंवा झाडाखाली थांबायचे नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका. विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे आहे, ते घरातल्या एकाच्या तरी मोबाइलमध्ये असू द्या.

धोका एकट्या झाडाचा नाही. १४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेला आलेली नात्यातली माणसे तिच्यात होती, अकरा जण बुडाले. ३० ऑक्टोबर २०२२ ला अमरावतीत, भर वस्तीतल्या प्रभात चौकात जुनी इमारत कोसळून पाच जण दबून गेले. त्या इमारतीला महापालिकेच्या नोटिसा आधीच गेल्या होत्या. नोटीस मालकाला जाते, दुकानात शिरणारे गिऱ्हाईक तर भिंतीकडेही पाहत नाही. भिंतीला ताजा तडा असेल, छताला टेकू लावलेले असतील, तर ते दुकान कितीही स्वस्त असो, बाहेरूनच परत फिरा. नावेत लाइफ जॅकेट नसेल किंवा काठ पाण्याला टेकत असेल, तर बसू नका. ओळखीचा नावाडी रागावला तर रागावू द्या.

खरी अडचण माहितीची नाही, भिडेची आहे. “काई होत नाई जी, आतापर्यंत पडलं का हे झाड?” असे कोणीतरी म्हणते आणि उठू पाहणारा माणूस पुन्हा बसतो. चारचौघांत भित्रा ठरायची लाज मोठी असते. ती लाज सोडा. ज्याला आधी दिसले त्याने मोठ्याने बोलावे, म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना हात धरून बाहेर काढावे. मांडवात शिरताना दुसरा रस्ता कुठे आहे तेही बघून ठेवा. कानात इअरफोन आणि नजर मोबाइलवर असेल तर यातले काहीच दिसणार नाही.

संस्थानांच्या विश्वस्तांना आणि मंगल कार्यालयांच्या मालकांना वेगळे सांगणे आहे. शेड झाडाच्या पडत्या टप्प्यात असेल तर ती हलवा. धोक्याच्या फांद्यांसाठी शहरात महापालिकेकडे, गावात ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पावसाळ्याची वाट पाहू नका, पारसचे झाड एप्रिलमध्येच पडले होते.

मदत लागली तर ११२ वर फोन करा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. दोन्ही क्रमांक आजच घरात सगळ्यांना सांगून ठेवा.