दोष मेणाचा नाही, वातीचा

मधमाश्यांचे मेण नको म्हणून आपण सोया मेणाच्या मेणबत्त्या घरी करतो. मधोमध खड्डा पडून कडेचे मेण तसेच राहिले, की मेणाला नावे ठेवतो. बहुतेक वेळा वात बारीक असते. ज्योत मोठी होऊन काजळी धरली, तर वात जाड. मेण फेकू नका. गरम पाण्यात भांडे ठेवून वितळवा, वात बदला. पेटवण्याआधी ती पाव इंच ठेवून कापा. पहिल्या वेळी मेण कडेपर्यंत वितळू द्या.

सगळे जमले, आणि चातुर्मासात त्याच वितळलेल्या मेणात एक पाखरू पडले. आता सूर्यास्तानंतर मी मेणबत्ती लावत नाही. मेण निवडताना जपलेली अहिंसा ती पेटवतानाही जपायला हवी.